वाचन घडाघडा, बोलणे मात्र अडखळत

तीन वर्षांचे मूल दुकानांच्या पाट्या, पोत्यांवरचे छाप आणि दिनदर्शिकेतील तारखा घडाघडा वाचू लागले की घरात कौतुकाला उधाण येते. अक्षर आणि आकडा यांना व्यापारी कुटुंबात मोठे मोल असते. पाहुण्यांपुढे मुलाकडून वर्तमानपत्र वाचून घेतले जाते, पाठशाळेत स्तोत्र म्हटल्याबद्दल बक्षीस मिळते. तेच मूल हाक मारल्यावर वळून पाहत नाही, ‘आज काय खाल्लेस?’ या प्रश्नाला उत्तर देत नाही, तहान लागली की ‘तुला पाणी हवे का?’ हे आईचेच वाक्य परत म्हणते. मात्र कौतुकाच्या भरात याकडे दुर्लक्ष होते.

नॉर्मन आणि मार्गारेट सिल्बरबर्ग या अमेरिकन संशोधकांनी १९६७ मध्ये अशा अकाली वाचनाला ‘हायपरलेक्सिया’ हे नाव दिले. ‘तारे जमीन पर’ या २००७ च्या चित्रपटामुळे डिस्लेक्सिया घरोघरी माहीत झाला. तेथे समज असते, पण अक्षरे अडतात. येथे अक्षरे धावतात आणि अर्थ मागे राहतो. देवनागरीत तर हा भ्रम अधिकच पक्का होतो, कारण मुळाक्षरे व मात्रा कळल्या की अर्थ न समजताही कोणताही शब्द उच्चारता येतो.

लवकर वाचता येणे हा आजार नव्हे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डॅरॉल्ड ट्रेफर्ट यांनी अशा मुलांचे तीन गट सांगितले. काही मुले केवळ लवकर वाचू लागतात. काहींमध्ये हे वाचन स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा भाग असते. काहींमध्ये स्वमग्नतेसारखी दिसणारी लक्षणे वयानुसार ओसरतात. आपले मूल यांपैकी कोठे बसते, हे घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी ठरवू नये. ते तज्ज्ञांनीच तपासावे.

तपासणी कोठे करावी?

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात. भाषाविकासातील विलंब हाही त्या तपासणीचा विषय आहे. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील व्यापारी कुटुंबांतील अनेक मुले मात्र खासगी बालवाडीत जातात. त्यामुळे पथकाची वाट न पाहता पालकांनी स्वतः बालरोगतज्ज्ञांकडे किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन पुढील संदर्भपत्र मागावे. पुण्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाचे बालविकास केंद्र आणि धनकवडीतील भारती विद्यापीठाचा वाचा-श्रवण विभाग हेही पर्याय आहेत.

प्रथम श्रवणचाचणी करावी, नंतर भाषा व विकासाचे मूल्यमापन. वाचा-उपचारतज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. स्वमग्नता ‘मुळापासून बरी’ करण्याच्या महागड्या आश्वासनांपासून सावध राहावे. त्यासाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

खर्च आणि कागदपत्रे

हायपरलेक्सिया हे स्वतंत्र निदान मानले जात नाही. त्या नावाने प्रमाणपत्र मिळत नाही. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. तसे निदान झाल्यास युडीआयडी कार्डासाठी अर्ज करावा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा असून त्यात नियमित थेरपीचाही विचार केलेला आहे. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या पालकांना १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-डीडीनुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्वासाठी ७५,००० रुपये आणि ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये वजावट ठरवलेली आहे. नव्या कायद्यातील कलमांची व नमुन्यांची खात्री आपल्या सनदी लेखापालांकडून करून घ्यावी.

बहिणीच्या सोयरिकीत अडचण येईल, या भीतीने काही घरे प्रमाणपत्रच टाळतात. पण लपवल्याने मुलाची अडचण कमी होत नाही. हाती असलेली लहान वयातील मोलाची वर्षे तेवढी निघून जातात.

घर हीच पहिली शाळा

अशा मुलाचे वाचन बंद करू नये, त्याचाच पूल करावा. तोंडी सूचना उमगत नसेल तर चिठ्ठीवर ‘आधी जेवण, मग खेळ’ असे लिहावे. दिवसाचा क्रम फळ्यावर मांडावा. गोष्ट वाचून झाली की ‘कोण?’, ‘कोठे?’, मग हळूहळू ‘का?’ असे विचारावे आणि चित्रातून उत्तर शोधू द्यावे. पाणी हवे असेल तेव्हा ‘मला पाणी हवे’ अशी पट्टी समोर धरावी. ती वाचता वाचता मूल ते वाक्य स्वतःचे म्हणून वापरू लागते.

किराणा दुकान तर यासाठी उत्तम प्रयोगशाळा आहे. मुलाच्या हाती तीन वस्तूंची यादी द्यावी, ती त्याने वाचावी, साखर, गूळ, मूग डाळ शोधून आणावी आणि ग्राहकाच्या हाती देताना एक वाक्य बोलावे. येथे शब्दाला वस्तू मिळते आणि वस्तूच्या निमित्ताने समोरच्या माणसाशी संवाद होतो. आजी-आजोबांनी ‘वाचून दाखव’ऐवजी ‘काय झाले ते सांग’ म्हणण्याची सवय लावावी. उत्तर यायला वेळ लागला तरी थांबावे.

शाळेलाही लेखी कळवावे. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकांची माहिती पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात मिळते. मूल अस्खलित वाचते म्हणून त्याला सारे समजले, असे शिक्षकांनी गृहीत धरू नये, ही पहिली विनंती असावी. कौतुक अवश्य करावे. मात्र त्याच आठवड्यात तपासणीचा दिवसही ठरवावा.