फ्लो बॅटरीत पंप किती वीज खातो?
व्हॅनेडियम फ्लो बॅटरीच्या पेपरात कार्यक्षमतेचा आकडा दिसला, की आधी बघा: पंपाची वीज त्यात धरलीये का? बऱ्याचदा नसते.

पंपाची शक्ती म्हणजे दाबातली घट गुणिले प्रवाह, भागिले पंपाची कार्यक्षमता. कार्बन फेल्टमधून द्रव संथ वाहतो तेव्हा दाबातली घट प्रवाहाच्या प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह निम्मा केला, की शक्ती साधारण चौथाई. (पंपाची कार्यक्षमता तीच धरून. प्रत्यक्षात कमी प्रवाहाला तीही घसरते.)

मग कायम हळूच चालवू? नाही जमत. डिस्चार्ज संपत आला, की द्रवात कामाचे आयन थोडेच उरतात. तेव्हा प्रवाह अपुरा पडला तर इलेक्ट्रोड उपाशी राहतो, व्होल्टेज कोसळतं. म्हणून सुरुवातीला प्रवाह कमी, शेवटाकडे जास्त ठेवायचा. चार्जिंगलाही तसंच.