परदेशी रानातली कागदाची वाट



आता आपल्या गावातील मुलेमुली शिक्षणाला, नोकरीला परदेशी जाऊ लागली आहेत. आपण त्यांना लोणचे-पापड बांधून देतो. पण कामावरून परतल्यावरची संध्याकाळ परक्या मुलखात एकट्याने कशी काढावी, हे कोणी सांगत नाही. त्यावरचा एक उपाय मी मलेशियात पाहिला. तेलताडाची लागवड पाहण्यासाठी सेलांगोर राज्यात गेलो असता तेथील एका धावण्याच्या मंडळाबरोबर मी एका संध्याकाळी मळ्यातून पळालो. पन्नाशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला हे जमते, याचे कारण त्या खेळाच्या रचनेतच आहे.

या मंडळांना ‘हॅश हाऊस हॅरियर्स’ म्हणतात. यातील ‘हॅश’चा नशेच्या पदार्थाशी काही संबंध नाही, पालकांनी घाबरू नये. १९३८ साली क्वालालंपूर येथे गिस्पर्ट नावाच्या ब्रिटिश हिशेबतपासनिसाने मित्रांना जमवून हा खेळ सुरू केला. ही मंडळी जेथे जेवत, त्या खाणावळीला बेचव जेवणामुळे ‘हॅश हाऊस’ असे चेष्टेचे नाव पडले होते, तेच मंडळाला चिकटले. गिस्पर्ट १९४२ साली सिंगापूरच्या लढाईत मारले गेले. युद्धानंतर खेळ पुन्हा सुरू झाला आणि पुढे देशोदेशी पसरला.

खेळ असा. एकदोघे ‘ससे’ आधी रानात जाऊन वाट आखून येतात. फळबागेची आखणी करताना आपण फक्की टाकतो ना, तसाच प्रकार. कोठे पिठाची चिमूट, कोठे कागदाचे कपटे. बाकीचे सारे शिकारी कुत्र्यांप्रमाणे माग काढत निघतात. खरी गंमत पुढे आहे. मध्येच खुणा संपतात. तेथे जोमदार पळणारे चारी दिशांना पांगतात, खोट्या वाटेवर फसतात, परत येतात. तेवढ्यात मागून चालत येणारा तेथे पोहोचतो. ज्याला खरी वाट सापडते तो ‘ऑन ऑन’ अशी आरोळी देतो आणि सगळे तिकडे वळतात. म्हणजे जो जास्त धावतो त्यालाच जास्त हेलपाटे! पहिला कोण आला, याची कोणी नोंदही ठेवत नाही. मी अर्धे अंतर चाललोच, तरी दर थांब्यावर मंडळी भेटत राहिली.

मात्र मळ्यात चुकणे फार सोपे असते. आपल्या शिवारात बांध, विहीर, एखादे चिंचेचे झाड अशा खुणा असतात. तेलताडाच्या मळ्यात ज्या ओळीत उभे राहावे तीच ओळ सगळीकडे दिसते. छाटलेल्या झावळ्यांचे ढीग ओळींमधून पडलेले असतात, त्यांच्या देठांना काटे असतात. विषुववृत्त जवळ असल्याने संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो. सातनंतर बघता बघता अंधार होतो. म्हणून निघण्यापूर्वी आपले नाव यादीत आहे ना, आणि शेवटी माणसे मोजतात ना, हे विचारून घ्यावे. जो गट मोजत नाही, त्याच्याबरोबर जाऊ नये. खुणा दिसेनाशा झाल्या तर पुढे रेटू नये. शेवटच्या कागदापाशी परत येऊन उभे राहावे, शिटी वाजवावी. खिशात शिटी, बॅटरी आणि मुक्कामाचा पत्ता असावा.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको, तरी सांगतो. मळा कोणाचा तरी असतो. रबराच्या झाडाला चिकाची वाटी बांधलेली असते, तिला धक्का लावू नये. पडलेली फळे उचलू नयेत. मालकाची परवानगी घेऊनच वाट आखणारा गट चांगला समजावा.

पळून झाल्यावर सारे गोल करून उभे राहतात. नवख्याला मध्ये बोलावतात, गाणी म्हणतात, बिअर पाजतात. गाणी ऐकून आपल्याकडचा शिमगा आठवतो! संकोच वाटला तर हसून बाजूला उभे राहावे. बिअर नको म्हटल्यास सरबत किंवा पाणी मिळते; मी सरबतच घेतले, कोणी आग्रह केला नाही. क्वालालंपूरचा मूळ गट केवळ पुरुषांचा आहे; स्त्रियांचे व संमिश्र गट वेगळे आहेत. मुलीने संमिश्र गट शोधावा, पहिल्या खेपेस मैत्रीण बरोबर न्यावी आणि परतीची सोय आधीच ठरवावी.

माझ्या गटात मोटार दुरुस्त करणारे होते, डॉक्टर होते, रबराच्या मळ्यात वाढलेले एक तमिळ गृहस्थही होते. त्यांनी मला कापसाचा भाव विचारला. घर सोडून नऊ दिवस झाले होते. शेतीविषयी कोणी आपणहून विचारण्याची ती पहिलीच वेळ.

पायात जुने बूट आणि लांब मोजे घालावेत, जळवा फार. तेलताडाच्या मळ्यात उंदीर असतात, त्यामुळे साचलेल्या पाण्यातून गेल्यास लेप्टोची भीती असते. कोकणातील वाचकांना हा रोग ठाऊक आहे. पायाला जखम असेल तर त्या दिवशी जाऊच नये. परतल्यावर साबणाने पाय धुवावेत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर चिखलपाण्यातून पळाल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.