चार व्होल्टचा स्टिरिओ, तरी गाडीत शिट्टी

कृष्णराजनगर मागे पडलं, गाडी म्हैसूरच्या रस्त्याला लागली आणि गाण्यामागे एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढायची, पाय काढला की उतरायची. गाडी मामेभावाची. मामाकडचे भावसार, तीन पिढ्या तिकडेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. भाऊ म्हणाला, "दादा, दोन व्होल्टचा सोडून मुद्दाम चार व्होल्टचा स्टिरिओ घेतला. दुकानदार म्हणाला, आवाज दुप्पट होईल, खरखर अजिबात राहणार नाही. आणि आता हे ऐक."

प्री-आउटच्या आकड्याबद्दलचे दोन मोठे गैरसमज त्याच्या एवढ्या बोलण्यात आले.

स्टिरिओच्या पाठीमागे आरसीए वायरी लावायच्या ज्या जागा असतात, ते प्री-आउट. तिथून निघालेला नाजूक सिग्नल सीटखालच्या किंवा डिकीतल्या अ‍ॅम्पपर्यंत जातो. खोक्यावरचे २, ४ किंवा ५ व्होल्ट ही त्या सिग्नलची कमाल पातळी. स्पीकर हलवायची ताकद मात्र अ‍ॅम्पची असते. ७५ वॉटच्या अ‍ॅम्पला पूर्ण जोर लावायला २ व्होल्ट पुरत असतील, तर ४ व्होल्ट दिल्याने तो १५० वॉटचा होत नाही. त्याचा गेन तेवढा खाली आणायचा असतो. तो तसाच ठेवला तर आवाज सुरुवातीला मोठा वाटतो खरा, पण कळ अर्ध्यावर जाते न जाते तोच फाटायला लागतो. गेन हा आवाज वाढवायचा नॉब नव्हे. स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्पचा मेळ घालायची ती सोय आहे.

मग जास्त व्होल्टचे पैसे कशासाठी मोजायचे? वाटेतल्या गोंगाटासाठी. आरसीए वायर गाडीच्या अंगाखांद्यावरून चार-पाच मीटर जाते आणि आजूबाजूचा विजेचा गोंगाट थोडाफार उचलते. समजा, तो ५ मिलिव्होल्ट आहे. सिग्नल २ व्होल्टचा असेल तर गोंगाटाच्या ४०० पट भरतो, ४ व्होल्टचा असेल तर ८०० पट. गेन त्या हिशेबाने उतरवला की गोंगाट ६ डेसिबलने दबतो. हा फायदा खरा आहे आणि रात्री शांत रस्त्यावर तो कानाला कळतो.

पण तो फक्त वायरीत शिरलेल्या गोंगाटापुरता. जो दोष स्टिरिओच्या आधीच सिग्नलमध्ये आहे, तो सिग्नलबरोबरच मोठा होतो. म्हैसूरहून दूर जाल तसं तिथलं एफएम खरखरू लागतं. ती खरखर ५ व्होल्टनेही जात नाही. ब्लूटूथचंही तसंच. फोनचा आवाज निम्म्यावर ठेवून स्टिरिओचा वाढवला, तर पुढे कितीही व्होल्ट असून उपयोग नाही.

शिवाय खोक्यावरचा आकडा आवाज पुरता चढवल्यावरचा असतो. आपण ऐकतो त्या पातळीला प्री-आउटवर त्याच्या कितीतरी कमी व्होल्ट असतात.

त्याच खोक्यावरचा '४ × ५० वॉट' हा आकडाही समजून घ्यावा. स्टिरिओच्या आतला अ‍ॅम्प गाडीच्या १४.४ व्होल्टवर चालतो. १४.४ चा वर्ग भागिले स्पीकरचे ४ ओम, म्हणजे सुमारे ५२ वॉट. तेही आवाज पूर्ण फाटल्यावर. स्वच्छ आवाजात त्याच्या निम्मे, आणि आतली घट वजा जाता २० ते २२ वॉट. वेगळा अ‍ॅम्प लावायचाच नसेल, तर प्री-आउट मोकळेच राहणार. तेव्हा व्होल्टसाठी जास्त पैसे घालू नयेत, ते चांगल्या स्पीकरला द्यावेत. अ‍ॅम्प लावायचा असेल, तर मी आजही ४ व्होल्टचाच घ्या म्हणेन.

शिट्टीचं मूळ मात्र अर्थिंगमध्ये होतं. स्टिरिओ आणि अ‍ॅम्प यांच्या अर्थिंगच्या जागांमध्ये व्होल्टचा जरासा फरक राहिला, की अल्टरनेटरचा सूर आरसीएच्या वाटेने आत येतो. जास्त व्होल्ट त्याला थोडं दाबतील, घालवणार नाहीत. भावाचा अ‍ॅम्प त्याच दिवशी डिकीतून सीटखाली हलवला होता आणि अर्थिंगची काळी वायर सीटच्या बोल्टखाली रंगावरच आवळली होती. आम्ही बोल्ट काढला, सँडपेपरने रंग घासून पत्रा चकचकीत केला, वायर कापून हातभर ठेवली. बॅटरीच्या लाल वायरीला बांधलेली आरसीए सोडवून गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. गेन अजून जुन्या २ व्होल्टच्या स्टिरिओपुरताच होता, तोही उतरवला.

इंजिन चालू करून भावाने गाणं थांबवलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. स्पीकरला कान लावल्यावर हलकीशी सळसळ ऐकू आली, तेवढीच.