व्हीपीएनची निवड : खासगीपणा आणि सोय यांचा ताळेबंद

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे खेडे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्या सान्निध्यामुळे आज ते विद्यार्थ्यांची वस्ती म्हणून ओळखले जाते. येथील अरुंद गल्ल्यांतील भाड्याच्या खोल्यांमध्ये, तसेच शेजारच्या बेर सराय व जिया सराय या वस्त्यांमध्ये, महाराष्ट्रासह देशाच्या सर्व भागांतून आलेले तरुण संशोधनासाठी अथवा स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी वास्तव्य करतात. खोली घेताना भाडेकरूला आपले ओळखपत्र व कायमचा पत्ता घरमालकाकडे द्यावा लागतो, कारण दिल्लीत भाडेकरूंची पोलीस पडताळणी करून घेण्याची पद्धत आहे. या नोंदीबाबत सहसा कोणी तक्रार करीत नाही. परंतु तोच भाडेकरू इमारतीतील सामायिक वाय-फायवर संगणक उघडतो, तेव्हा आपण कोणती संकेतस्थळे पाहतो याचीही कोठे तरी नोंद होत असते, याची जाणीव त्याला क्वचितच असते. ही जाणीव झालेला ग्राहक ज्या साधनाकडे वळतो, ते म्हणजे आभासी खासगी जाळे, अर्थात व्हीपीएन. या साधनाची निवड करताना खासगीपणा आणि सोय यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न व्यक्तिगत असला तरी त्याला आर्थिक व घटनात्मक असे दोन्ही पैलू आहेत.

व्हीपीएनचे कार्य

कोणत्याही इंटरनेट जोडणीला एक क्रमांक असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. सामान्य स्थितीत वापरकर्त्याची मागणी इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत थेट संकेतस्थळाकडे जाते. त्यामुळे वापरकर्ता कोणत्या संकेतस्थळाशी जोडला गेला हे कंपनीला कळते आणि मागणी कोणत्या पत्त्यावरून आली हे संकेतस्थळाला कळते. व्हीपीएन सुरू केल्यावर ही मागणी सांकेतिक स्वरूपात प्रथम व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरकडे जाते व तेथून पुढे पाठविली जाते. परिणामी, इंटरनेट कंपनीला केवळ व्हीपीएनशी झालेली जोडणी दिसते, तर संकेतस्थळाला व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो.

या सेवेच्या मर्यादाही स्पष्टपणे समजून घेणे आवश्यक आहे. बहुसंख्य संकेतस्थळे आता एचटीटीपीएस पद्धतीने चालतात. त्यामुळे परवलीचा शब्द किंवा बँकेचा तपशील हा मजकूर व्हीपीएनशिवायही सांकेतिक स्वरूपातच जातो. दुसरे असे की, वापरकर्त्याने स्वतःच्या नावाच्या खात्यात प्रवेश केला असेल, तर व्हीपीएन असूनही त्या संकेतस्थळाला त्याची ओळख पटलेली असते. म्हणजेच व्हीपीएन वापरकर्त्याला अदृश्य करीत नाही. त्याच्याकडे पाहणारा बदलतो. जी माहिती पूर्वी इंटरनेट कंपनीला मिळत असे, ती आता व्हीपीएन कंपनीला मिळू शकते. विश्वासाची गरज नाहीशी होत नाही, विश्वासाचे स्थलांतर होते. निवडीचा संपूर्ण प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे.

न दिसणाऱ्या गुणवत्तेची बाजारपेठ

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही माहितीच्या विषमतेची समस्या आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारपेठेचे उदाहरण घेऊन असे दाखवून दिले की, विक्रेत्याला गुणवत्ता माहीत असते पण ग्राहकाला नसते, तेव्हा निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावू शकतो. या विषयावरील कार्यासाठी त्यांना, मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत, २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. व्हीपीएनची स्थिती जुन्या मोटारीपेक्षाही कठीण आहे. मोटारीतील दोष वापरानंतर तरी उघड होतो. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे कंपनीचे वचन खरे की खोटे, हे ग्राहकाला वर्षानुवर्षे वापरूनही कळत नाही. वेग, किंमत आणि वापरातील सुलभता मात्र पहिल्याच दिवशी कळतात. म्हणून दिसणारी सोय निवडीवर प्रभाव टाकते आणि न दिसणारा खासगीपणा मागे पडतो.

ओनावो या मोफत सेवेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१३ मध्ये फेसबुकने ही कंपनी विकत घेतली. वापरकर्त्यांचे संरक्षण करणारे साधन म्हणून तिच्या व्हीपीएनचा प्रचार झाला. प्रत्यक्षात ग्राहक इतर कोणती ॲप किती वापरतात याची माहिती तिच्यातून गोळा होत होती व ती व्यावसायिक हितासाठी वापरली जात होती. २०१९ मध्ये ही सेवा बंद झाली आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संघीय न्यायालयाने या प्रकरणी मेटाच्या दोन उपकंपन्यांना एकूण २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. सर्व्हर व बँडविड्थ यांचा खर्च प्रत्येक कंपनीला करावाच लागतो. तो ग्राहकाकडून घेतला जात नसेल, तर कोठून भरून निघतो हे विचारणे भाग आहे. काही कंपन्या सशुल्क ग्राहकांच्या बळावर मर्यादित मोफत सेवा देतात, हा अपवाद लक्षात ठेवावा. मात्र उत्पन्नाचा स्रोत स्पष्ट नसेल तेथे ग्राहकाची माहिती हीच किंमत असण्याची शक्यता असते.

याच्या उलट उदाहरण स्वीडनमधील मुलवाड या कंपनीचे आहे. ही कंपनी ग्राहकाचे नाव वा ई-मेल न घेता केवळ एक खाते क्रमांक देते. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन तिच्या कार्यालयात आले. परंतु ग्राहकांची माहिती मुळातच साठविलेली नसल्याने त्यांना ती मिळाली नाही, असे कंपनीने जाहीर केले. स्वतंत्र लेखापरीक्षण, सर्वांना तपासता येणारी संगणकीय आज्ञावली आणि प्रत्यक्ष कसोटीच्या वेळी आलेला अनुभव हे अशा बाजारपेठेत गुणवत्तेचे संकेत ठरतात.

२०२२ चे निर्देश

भारतात व्हीपीएन वापरण्यावर सर्वसाधारण बंदी नाही. काही जिल्ह्यांमध्ये स्थानिक प्रशासनाने ठरावीक काळापुरते निर्बंध घातल्याची उदाहरणे आहेत. तथापि, २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०-ब (६) अन्वये दिलेल्या निर्देशांनी या सेवेचे स्वरूप बदलले. सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत कळविणे आणि संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे या तरतुदींबरोबरच व्हीपीएन कंपन्यांवर विशेष दायित्व टाकण्यात आले. ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता व संपर्क क्रमांक, सेवेचा कालावधी, दिलेले आयपी पत्ते, नोंदणीच्या वेळचा ई-मेल व आयपी पत्ता आणि सेवा घेण्याचा हेतू ही माहिती सेवा संपल्यानंतरही किमान पाच वर्षे ठेवणे बंधनकारक झाले. मे २०२२ मधील स्पष्टीकरणानुसार कंपन्या व संस्था आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चालवितात ती व्हीपीएन यातून वगळण्यात आली आहेत.

मुनिरक्यातील घरमालकाच्या नोंदवहीचे तत्त्वच येथे व्हीपीएन कंपनीला लागू झाले, असे म्हणता येईल. एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. घरमालकाची नोंद भाडेकरू कोण एवढेच सांगते. व्हीपीएनकडील नोंद आयपी पत्त्याशी जोडलेली असल्याने, अन्य नोंदींच्या साह्याने ती व्यक्तीच्या वाचनापर्यंत व विचारांपर्यंत पोहोचू शकते.

या निर्देशांनंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क व नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी जून २०२२ मध्ये भारतातील सर्व्हर हटविण्याचे जाहीर केले. एक्स्प्रेसव्हीपीएनने सिंगापूर व ब्रिटनमधील सर्व्हरवरून भारतीय आयपी पत्ता देण्याची सोय ठेवली. ग्राहकापुढे त्यामुळे प्रत्यक्ष निवड उभी राहिली. देशातील सर्व्हरमुळे अंतर कमी व वेग अधिक. पण नोंद अटळ. परदेशी सर्व्हरमुळे नोंद कमी असण्याची शक्यता; पण विलंब अधिक आणि तक्रार झाल्यास भारतीय कायद्याचा आधार दुर्बळ.

खासगीपणाचा अधिकार व प्रमाणशीरता

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने न्या. के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असून तो अनुच्छेद २१ चा अविभाज्य भाग आहे, असा एकमताने निर्णय दिला. हा अधिकार निरपवाद नाही. राज्यसंस्थेने त्यावर घातलेल्या मर्यादेला कायद्याचा आधार हवा, उद्दिष्ट वैध हवे आणि उपाय उद्दिष्टाच्या प्रमाणात हवा, अशा तीन कसोट्या न्या. चंद्रचूड यांच्या निकालपत्रात आहेत, न्या. कौल यांनी गैरवापर रोखणाऱ्या कार्यपद्धतीची चौथी कसोटी त्यांत जोडली.

२०२२ च्या निर्देशांचा विचार याच चौकटीत व्हावयास हवा. आर्थिक फसवणूक, धमकीचे संदेश व बालकांविरुद्धचे गुन्हे यांच्या तपासात गुन्हेगाराचा माग व्हीपीएनपाशी येऊन थांबतो. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने २०२१ मध्ये सादर झालेल्या अहवालात याच कारणास्तव व्हीपीएन रोखण्याची शिफारस केली होती. उद्दिष्टाची वैधता म्हणून नाकारता येत नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. थोड्या गुन्हेगारांसाठी सर्व ग्राहकांची माहिती पाच वर्षे साठविणे आवश्यक आहे काय? तो साठाच माहिती चोरणाऱ्यांचे लक्ष्य झाल्यास काय? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये हेतू पूर्ण झाल्यावर माहिती नष्ट करण्याचे तत्त्व आहे. परंतु अन्य कायद्याने जतन करणे आवश्यक ठरविलेली माहिती त्यास अपवाद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार या अधिनियमातील प्रमुख दायित्वे अठरा महिन्यांच्या अवधीनंतर लागू होतात.

निवडीचे निकष

या पार्श्वभूमीवर ग्राहकाने तीन प्रश्न क्रमाने विचारणे उपयुक्त ठरते. पहिला, माहिती कोणापासून राखावयाची आहे? सामायिक वाय-फायच्या चालकापासून असेल, तर एखादी विश्वसनीय सशुल्क सेवा पुरेशी आहे. दुसरा, हेतू कोणता? शोधनियतकालिके वाचण्यासाठी व्यापारी व्हीपीएन निरुपयोगी आहे. त्यासाठी संस्थेचे स्वतःचे व्हीपीएन किंवा इन्फ्लिबनेटची इन्फेड ही प्रवेश व्यवस्था असते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत शासकीय उच्च शिक्षण संस्थांसाठी सुमारे १३ हजार नियतकालिके उपलब्ध आहेत. येथे ओळख देणे हीच प्रवेशाची अट असते आणि ती रास्तही आहे. तिसरा, सेवा कोणत्या देशाच्या कायद्याखाली येते व ती मुळात कोणती माहिती मागते?

सोयीचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. काही शासकीय संकेतस्थळे परदेशी आयपी पत्त्यावरून उघडत नाहीत आणि बँका अनोळखी ठिकाणावरील व्यवहार रोखून धरू शकतात. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी हा अडथळा महाग पडू शकतो. अशा वेळी व्हीपीएन बंद ठेवणे हा खासगीपणाचा त्याग नव्हे; शासनाला तेथे अर्जदाराचे नाव कळणारच असते.

सारांश, खासगीपणा व सोय यांचे एकच आदर्श प्रमाण नाही. ते हेतूनुसार बदलते. ग्राहकाच्या विवेकाबरोबरच कंपन्यांच्या दाव्यांची स्वतंत्र तपासणी आणि साठविलेल्या माहितीच्या वापरावर प्रभावी देखरेख यांची जोड मिळाली, तरच ही निवड खऱ्या अर्थाने माहितीपूर्ण ठरेल. पुट्टस्वामी निकालाने मान्य केलेला अधिकार मुनिरक्यातील भाड्याच्या खोलीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग हाच आहे.