मला न भावलेला साधू आगाशे

'अब तक छप्पन'चं नाव निघालं की आमच्या घरात दोन तट पडतात. शिमित अमीन यांचा हा चित्रपट २००४ साली आला. समीक्षकांनी तो वाखाणला. नाना पाटेकरांच्या इन्स्पेक्टर साधू आगाशेचं कौतुक तर आजही संपत नाही. माझा मेहुणा म्हणतो, "दाजी, असा साहेब प्रत्येक ठाण्यात एकेक पाहिजे!" मला मात्र हा माणूस कधीच आपला वाटला नाही.

नानांच्या अभिनयाबद्दल तक्रार नाही. आरडाओरडा नाही, अवघडलेपण नाही. कारकुनाने फाईल हातावेगळी करावी तसा साधू माणूस मारतो. सगळे भाळतात ते या थंडपणावर, आणि माझं मन विटतं तेही त्यानेच. साधूच्या बायकोचा खून होतो तेव्हा चित्रपट थांबतो, आपल्यालाही हळहळायला लावतो. शीर्षकातले छप्पन मात्र आकडाच राहतात.

नायक सज्जनच हवा, असा माझा हट्ट नाही. गोविंद निहलानींचा १९८३चा 'अर्धसत्य' आठवून पाहा. ओम पुरींचा अनंत वेलणकर कोठडीतल्या संशयिताला मरेपर्यंत मारतो, शेवटी रामा शेट्टीचाही जीव घेतो. पण तो आतून पोखरलेला आहे. रामा शेट्टीला मारल्यावर तो स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो. त्याचा राग येतो आणि कीवही येते. साधूला मात्र आपण चुकतोय की काय, हा प्रश्नच पडत नाही. भ्रष्ट अधिकारी वाईट आणि आपला साधू चांगला, एवढ्यावर चित्रपट समाधान मानतो.

तुमच्याकडे मराठी-कन्नड घरं, तशी आमच्या बाजारहत्नूरकडे मराठी, तेलुगू आणि गोंडी. या भागात पोलिसांची बंदूक ही नुसती पडद्यावरची गोष्ट नाही. २० एप्रिल १९८१ रोजी याच जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीत सभेसाठी जमलेल्या गोंड आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोक त्याहून कितीतरी जास्त सांगतात. आकड्यामागे माणसं असतात, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

पुढे डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ पशुवैद्यक तरुणीवरील अत्याचार व खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. गुन्हा अमानुष होता, लोकांचा संताप खरा होता. पोलिसांवर फुलं उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती व्ही. एस. सिरपूरकर यांचा आयोग नेमला. २०२२ मध्ये त्याचा अहवाल बाहेर आला. आरोपींना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारसही त्याने केली. त्या चौघांचा खटला मात्र आता कधीच चालणार नाही. खरे गुन्हेगार तेच होते का, हे कोर्टात सिद्ध होण्याची वाटच बंद झाली. त्या मुलीच्या आईवडिलांनाही निकालाचा कागद मिळायचा राहिलाच.

मेहुण्याला मी एवढंच म्हणतो, बाबा, कोर्टाला उशीर लागतो हे खरं. पण ठाण्यातला साधू एखाद्या दिवशी चुकीच्या दारात उभा राहिला, तर अपील कुठे करायचं? यावर तो हसतो आणि विषय बदलतो. चित्रपट तुम्ही जरूर पाहा. घरातल्या पोरांसोबत पाहिलात तर मात्र छप्पन म्हणजे किती घरं, हे त्यांना एकदा विचारा.