पडू दिलेले बंगले

माथेरानचे जुने बंगले काळाच्या ओघात पडत आहेत, असे सर्रास म्हटले जाते. काळाला दोष दिला की कुणालाच जाब विचारावा लागत नाही. पण शार्लोट तळ्याच्या भोवतालच्या रानात आणि बाजारापासून लांब गेलेल्या लाल वाटांवर जी घरे आज आढ्यात वाकून उभी आहेत, ती जुनी झाली म्हणून मोडकळीला आलेली नाहीत. त्याच वयाची, त्याच चिऱ्याची, तोच पाऊस खाणारी काही घरे शेजारीच धडधाकट आहेत. दरवर्षीची डागडुजी एका घराची चालू राहिली आणि दुसऱ्याची थांबली, एवढाच फरक. ती का थांबली आणि थांबल्याने कुणाचा फायदा होतो, हे पाहिले तर या पडझडीकडे निसर्गक्रम म्हणून बघता येत नाही.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट 1850 च्या मे महिन्यात हा डोंगर चढून आले. पुढच्या काही वर्षांत, गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या उत्तेजनाने, इथे घरे उठू लागली. डोंगर तेव्हाही ओसाड नव्हता. डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी 1871 मध्ये माथेरानवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच झाडाप्राण्यांच्या आधी माणसे आहेत. धनगर, ठाकर, कातकरी यांचा या रानाशी संबंध बंगल्यांहून कितीतरी जुना. पीरभॉय कुटुंबाने बांधलेली दोन फुटी रुळांची नेरळ-माथेरान गाडी 1907 मध्ये सुरू झाली, तशी मुंबईची पारशी, बोहरी, गुजराती कुटुंबे हंगामाला नियमाने येऊ लागली. घराची जात साहेबाने ठरवली असेल, पण ते उभे केले आणि राखले ते इथल्या हातांनी. उंच जोते, जांभ्याच्या जाड भिंती, चारी अंगांनी रुंद व्हरांडा, उतरते छप्पर, मागे वेगळे स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या. सगळी रचना पावसाळ्याचा विचार करून केलेली, आणि दर उन्हाळ्यात माणसाचा हात फिरेल हे गृहीत धरलेली.

हा हात थांबला की काय होते, ते छपरावर स्पष्ट दिसते. माकडाच्या उडीने किंवा वाऱ्याने एक कौल सरकते. शाकारणी होणार असेल तर मे महिन्यात ते जागेवर बसते, फुटके बदलले जाते, काम संपले. नाही झाली, तर जूनपासून त्या एका फटीतून पाणी थेट रिपेवर उतरते. एक-दोन पावसाळ्यांत रीप कुजते आणि तिच्यावरची कौलांची ओळच खाली घसरते. मग वासा भिजतो, भिजलेल्या लाकडाला वाळवी लागते, आणि पाणी भिंतीच्या माथ्यावर साचू लागते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर कठीण होत जातो, पण असतो सच्छिद्र. वरून छत्र आहे तोवर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, छत्र गेले की पाणी पीत राहतो. सांध्यातला चुना धुपतो, फटीत पिंपळ रुजतो, आणि त्याची मुळे पुढचे काम करतात. सरकलेले कौल बसवायला एका कारागिराची एक सकाळ पुरली असती. तेवढी न दिल्यामुळे काही वर्षांनी अख्खी भिंत बाहेर कलते आणि इमारत धोकादायक ठरते.

ती सकाळ कुणी द्यायची, हा खरा पेच आहे. जमीन बहुतेक सरकारी भाडेपट्ट्याची, घर मूळ पट्टेदाराच्या वारसांचे. दोन-तीन पिढ्यांत वारस वाढले, विखुरले, काही परदेशी गेले. सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत पावसाळा येतो. माळी किंवा राखणदार मागच्या खोलीत राहतो. तुटपुंज्या पगारावर तो घर झाडू शकतो, छप्पर शाकारू शकत नाही. शिवाय दस्तुरी नाक्यापलीकडे मोटार जात नाही, त्यामुळे प्रत्येक कौल आणि प्रत्येक गोणी घोड्यावर किंवा माणसाच्या बळावर न्यावी लागते. दुरुस्ती महाग होण्यामागे ही सारी कारणे खरी आहेत, आणि सगळेच मालक लबाड आहेत असे मी म्हणणार नाही.

पण कायद्याची घडण अशी आहे की लबाडी न करताही नुसते गप्प बसणे किफायतशीर ठरते. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2003 मध्ये माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. ती अधिसूचना नसती तर या पठाराचे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. तिचा पुरस्कार करूनच पुढचे म्हणतो आहे. असे नियम पाडू नका, वाढवू नका, परवानगी घ्या असे सांगतात. राखा, असे कुणी बजावत नाही. पाडणे हे कृत्य आहे, त्याला शिक्षा आहे. पडू देण्याला नाही. आणि पडलेल्या घराच्या जागी नवे बांधण्याची मागणी करायला चांगले कारण मिळते. मुंबईत 1995 च्या वारसा नियमावलीनंतर जुन्या इमारतीच्या मालकाला हस्तांतरणीय विकासहक्काची भरपाई सुचवता आली. इथे तो हक्क वापरायला दुसरी जमीनच नाही, म्हणून तो उपाय डोंगरावर चढत नाही.

नव्या बांधकामाने काय बदलते, हे शैलीच्या चर्चेत हरवून जाते. मला कौलारू सौंदर्यापेक्षा आवाराची काळजी अधिक आहे. जुना बंगला आपल्या जागेचा लहानसा तुकडा व्यापतो. उरलेल्या भागात अंजनी, जांभूळ, हिरडा आणि खाली कुजलेल्या पानांचा थर. पाऊस त्यात मुरतो, जांभ्यातून झिरपतो. त्या जागी खोल्यांच्या रांगा, फरसबंदी अंगण आणि पोहण्याचा तलाव आला की तेच पाणी माती घेऊन वाटेवरून धावते. शार्लोट तळे हे बांध घालून अडवलेले गावाचे पिण्याचे पाणी आहे. एवढ्या पावसाच्या गावाला उन्हाळ्यात नेरळच्या बाजूनेही पाणी पंपाने वर चढवावे लागते. पाणलोटातले प्रत्येक आवार म्हणजे त्या तळ्याचाच काठ आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप स्थानिकांचा आहे. वर्षातून पंधरा दिवस उघडणाऱ्या, बाहेरच्या श्रीमंतांच्या बंगल्यांसाठी एवढी कळकळ, आणि घोडेवाले, हमाल, रिक्षा ओढणारे दाटीवाटीच्या खोल्यांत पिढ्या काढतात त्याचे काय? या प्रश्नाला वारशाच्या नावाने गप्प करणे अन्याय्य आहे. पण पडलेल्या बंगल्याच्या जागी हमालाचे घर होत नाही, हॉटेल होते. स्थानिकांच्या घरांसाठी जागा हवीच. ती सरकारने बाजारालगत, आधीच वस्ती असलेल्या भागात काढून दिली पाहिजे, आणि ते काम बंगल्यांच्या पडझडीवर अवलंबून ठेवता कामा नये.

हॉटेलांमुळेच रोजगार आहे, हा दुसरा आक्षेपही अर्धा बरोबर आहे. म्हणून बंगले कुलूपबंद ठेवा, असे मी म्हणत नाही. 1852 च्या सुमारास बांधलेले बार हाऊस पाहुण्यांना उतरण्यासाठी वापरले गेले आणि त्याचा व्हरांडा व्हरांडाच राहिला. घरात माणसे राहिली की कौल सरकल्याचे त्याच आठवड्यात कळते. सागवान मिळत नाही म्हणून लोखंडी वासा घातला तरी माझी हरकत नाही. 1865 मध्ये मंगळुरात बासेल मिशनने सुरू केलेल्या कारखान्यापासून पसरलेले कौलही कधीकाळी इथे उपरेच होते. पडलेल्या भिंतीचा चिरा आवारातच असतो, तो पुन्हा लावला तर वाहतूकही वाचते. बांधकामाचे क्षेत्र आणि झाडोरा यांना मात्र हात लागता कामा नये.

यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. भाडेपट्ट्याचे नूतनीकरण करताना दर मेअखेर छप्पर शाकारल्याचा पंचनामा जोडण्याची अट घालता येईल, आणि दुरुस्ती न करणाऱ्या पट्टेदाराच्या खर्चाने ती करून घेण्याचा अधिकार पालिकेला देता येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पडलेल्या घराच्या जागी मूळ जोत्याच्या बाहेर एक फूटही मिळणार नाही, हे आधीच लिहून ठेवावे लागेल. पडू देण्यातला फायदा गेला, की वारसांच्या सह्या पावसाळ्यापूर्वी जमू लागतील.