पहिले सिझेरियन

पहिल्या बाळंतपणाचे दिवस भरत आले की घरोघरी विचारणा सुरू होते : ‘नॉर्मल’ की ‘सिझर’? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातील १७.२ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या; २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेले, महाराष्ट्रात २५.४ टक्क्यांवर. खासगी रुग्णालयांत ते ४७.४ आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होते. एवढी तफावत केवळ मातेच्या प्रकृतीमुळे पडत नाही, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगायला नको. तरीही मातेच्या बाजूची कारणे खरी आहेत आणि त्यांतील काही घराच्या आवाक्यातली आहेत.

विवाह लांबतो, पहिले अपत्य तिशीनंतर येते. वयाबरोबर रक्तदाब व मधुमेहाची शक्यता वाढते. वजन अधिक असल्यास कळा मंद चालतात. रक्तातील साखर वाढल्यास बाळ मोठे होते आणि मार्ग अपुरा पडू शकतो. ‘दोन जिवांची आहे’ म्हणून तूप-साखरेचा आग्रह करणाऱ्या घरात ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी होणारी तपासणी टळू नये. तीत साखर १४० किंवा त्याहून अधिक आली तर मधुमेह समजून उपचार सुरू होतात. अशा गर्भवतीने चौविहार वा उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा. चालणे मात्र बहुतेकींना मानवते.

घाई हेही एक कारण. गर्भाशयाचे मुख चार सेंटिमीटर उघडले की कळांना वेग यावा, अशी जुनी अपेक्षा होती. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये ही मर्यादा सहा सेंटिमीटरवर नेली. त्याआधीची संथ प्रगती एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरवू नये, असा त्याचा अर्थ. मुहूर्तासाठी एकोणचाळीस आठवड्यांपूर्वी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते, हेही कुंडली मांडताना लक्षात असावे.

बाळ आडवे असेल, वार मुखावर असेल, ठोके घसरत असतील, तर शस्त्रक्रिया जीवदान ठरते; तेव्हा घरच्यांनी क्षणभरही अडून बसू नये. पण पहिला छेद पुढच्या बाळंतपणाचेही बरेच काही ठरवून जातो. पुढची प्रसूती बहुधा शस्त्रक्रियेनेच होते आणि दर छेदागणिक वार जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढतो. मग रक्तस्राव आवरण्यासाठी कधी गर्भाशयच काढावे लागते. म्हणून आठव्या महिन्यातच, सासूबाई आणि पती दोघांनी सोबत जाऊन, कोणत्या परिस्थितीत शस्त्रक्रिया करणार आणि कळांच्या वेळी जवळ कोणाला बसू देणार, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.